पान सात पहा

दिवाळीला आठ दिवस राहिले की आमच्या घरी आईची फराळाची वही कपाटातून खाली उतरत असे. पुठ्ठ्याची, तेलाच्या बोटांनी जागोजाग पारदर्शक झालेली ती वही अजून माझ्याकडे आहे. लहानपणी ती वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असे. आईचे हात पिठात असत आणि मी पाटावर बसून मोठ्याने वाचत असे. पाकातले चिरोटे वाचता वाचता मध्येच यायचे, ‘पाक : पान सात पहा.’ मग उघड्या पानात बोट ठेवून मी पान सात काढायची, एकतारी पाक वाचायची आणि बोट ठेवलेल्या पानावर परत यायची. रव्याच्या लाडवांतही तेच, पाकातल्या पुऱ्यांतही तेच. मात्र मोहनाची गोष्ट वेगळी होती. शंकरपाळे असोत, करंज्या असोत की चकल्या असोत, ‘कडकडीत मोहन घालावे’ हे दर वेळी पूर्ण लिहिलेले असायचे.

एकदा मी विचारले, “आई, मोहनाचंसुद्धा एक पान का नाही केलंस?”

ती म्हणाली, “अगं, तीन शब्दांसाठी पानं उलटायची? तेवढ्यात कढई तापून जाते. आणि पाक सगळीकडे लिहीत बसले असते तर वही पुरली असती का?”

हे उत्तर मी त्या वेळी विसरून गेले. पुढे आयुष्याची तीसेक वर्षे संगणकाचे कार्यक्रम लिहिण्यात गेली, तेव्हा कळले की आईने दोन वाक्यांत सांगितलेल्या त्या हिशेबावर जगातल्या हुशार माणसांनी पाऊण शतक खर्च केले आहे आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. दिवाळीच्या अंकात संगणकाच्या पोटातली ही गोष्ट वाचून कुणी कपाळाला आठ्या घालील. पण ज्यांच्या देवघरात आरत्यांचे पुस्तक आहे त्यांना ती परकी वाटू नये. प्रत्येक कडव्याखाली ध्रुवपद पूर्ण छापत नाहीत. ‘॥ध्रु॥’ एवढी खूण असते, आणि आपण टाळ न थांबवता ध्रुवपद म्हणून पुढच्या कडव्यावर येतो. ती खूण आणि आईचे ‘पान सात पहा’ ही एकाच जातीची आहेत.

संगणकाच्या इतिहासात या खुणेचा जन्म इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे झाला, असे म्हणायला हरकत नाही. तेथे मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली बांधलेल्या एडसॅक या यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिला कार्यक्रम चालवला. यंत्र खोलीभर पसरलेले, पण स्मरणशक्ती बेताची. पाऱ्याच्या नळ्यांतून ध्वनिलहरी फिरवून ती साठवलेली असे, आणि सुरुवातीला तिच्यात अवघे ५१२ शब्द मावत. एक साधी आज्ञा पाळायला सुमारे दीड मिलिसेकंद लागे. अशा यंत्रावर वर्गमूळ काढण्याचा मजकूर गरज पडेल तेथे पुन्हा पुन्हा लिहिणे म्हणजे पाकाची कृती प्रत्येक पानावर लिहिण्यासारखेच होते.

डेव्हिड व्हीलर नावाच्या तरुण संशोधक-विद्यार्थ्याने यावर तोड काढली. मजकूर एकदाच लिहायचा आणि लागेल तेथून तिकडे उडी मारायची. पण काम संपल्यावर परत कोठे यायचे? बोट ठेवलेले पान कोण लक्षात ठेवणार? एडसॅकला परतीची आज्ञाच नव्हती. व्हीलरने अशी युक्ती केली की निघताना मूळ कार्यक्रमाने आपला ठावठिकाणा यंत्राच्या हातात द्यायचा, आणि सबरूटीनने, म्हणजे त्या वेगळ्या लिहिलेल्या तुकड्याने, आल्या आल्या त्यावरून परतीच्या उडीची आज्ञा स्वतः बनवून आपल्याच शेवटच्या ओळीत चिकटवून ठेवायची. पाहुण्याने घरात शिरता शिरता परतीच्या गाडीचे तिकीट खुंटीला टांगावे, तसे! ही युक्ती आजही ‘व्हीलर जंप’ या नावाने ओळखली जाते.

विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी १९५१ साली कार्यक्रम-लेखनावर पुस्तक काढले, तेव्हा त्यांच्या संग्रहात ८७ सबरूटीने जमली होती. त्यांनी सबरूटीनांच्या दोन जाती सांगितल्या. जिच्याकडे उडी मारून जायचे ती बंद, आणि जिचा मजकूर जागच्या जागी उतरवून घ्यायचा ती उघडी. पाक बंद, मोहन उघडे. उघड्या जातीलाच पुढे ‘इनलाइन’ हे नाव पडले. त्या काळी कोणता तुकडा बंद ठेवायचा आणि कोणता उघडा, हे माणूस ठरवी, कारण लिहिणारा माणूसच होता.

ते काम यंत्राकडे जायला फार दिवस लागले नाहीत. अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास युनिव्हॅक यंत्रासाठी ए-शून्य नावाची व्यवस्था केली. ती संग्रहातली सबरूटीने वेचून एकत्र जुळवून देई, म्हणून तिला ‘कंपाइलर’, संकलन करणारा, असे नाव मिळाले. पुढे शब्द राहिला आणि अर्थ वाढला. माणसाला कळेल अशा भाषेत लिहिलेले यंत्राच्या आज्ञांत उतरवणारा, असा दुभाषी म्हणजे कंपाइलर. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली आय.बी.एम. ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान दिला, त्यातही हा भेद स्पष्ट होता. चिन्ह काढून टाकण्यासारखी बारीक कामे कंपाइलर जागच्या जागी उतरवी, तर साइन-कोसाइनसारख्या मोठ्या कामांसाठी तो संग्रहातल्या बंद सबरूटीनकडे उडी मारी.

आपल्याकडेही हे वारे लवकर पोचले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफरॅक हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. त्याच्या स्मरणात दोन हजारांवर थोडे शब्द मावत. १९६४ मध्ये तेथे सी.डी.सी. ३६०० हे मोठे यंत्र आले, आणि फोरट्रानची कार्डे घेऊन दूरदूरचे लोक कुलाब्याची वाट धरू लागले. मी स्वतः १९७८ साली पहिल्यांदा कार्डे पंच केली. एक चूक सापडायला एक दिवस जाई, त्यामुळे उडी मारावी की उतरवून घ्यावे असल्या बारीक प्रश्नांना सवड नव्हती. कार्यक्रम चालला तरी पेढे वाटावेसे वाटत.

आता उडीला खर्च तरी किती, ते पाहू. यंत्राला परतीचा पत्ता लिहून ठेवावा लागतो. हातातली आकडेमोड बाजूला ठेवावी लागते, नाहीतर परत आल्यावर ती पुसलेली सापडते. पुरवायचे आकडे ठरल्या जागी मांडावे लागतात आणि परतताना हे सगळे उलट करावे लागते. आजच्या यंत्रावर हा खर्च अगदी अल्प आहे, पण एका सेकंदात कोट्यवधी वेळा केला तर तो दिसू लागतो. दोन आज्ञांच्या कामासाठी दहा आज्ञांची ये-जा म्हणजे चार आण्यांच्या कोथिंबिरीसाठी टांगा करणेच.

पण उतरवून घेण्याचा खरा फायदा वेगळाच आहे, आणि तो मला आईच्या वहीतच सापडला. बालूशाहीलाही पाक लागतो, तरी तेथे ‘पान सात पहा’ नाही. पाक तेथे पूर्ण लिहिलेला आहे, आणि तोही थोडक्यात. पान सातवर एकतारी, दोनतारी, गोळीबंद अशा तिन्ही पाकांच्या परीक्षा आहेत, आणि ‘लाडवांना असेल तर असे, चिरोट्यांना असेल तर तसे’ असे फाटे आहेत. बालूशाहीच्या पानावर आईने फक्त दोनतारी ठेवला आणि बाकीचे फाटे गाळले. कंपाइलर नेमके हेच करतो. मजकूर जागेवर उतरला की त्याला आजूबाजूची परिस्थिती दिसते. येथे हा आकडा नेहमी शून्यच असतो, म्हणून ही अट तपासायला नको. ती नको म्हणून हा फाटा नको. तो नको म्हणून त्याची तयारी नको. वीस ओळी उतरवल्या आणि उरल्या दोन, असे पुष्कळदा घडते.

मग सगळेच का उतरवू नये? माझ्या मावशीने तसे केले होते. तिच्या वहीत प्रत्येक पदार्थ संपूर्ण, कोठेही ‘पान अमुक पहा’ नाही. परिणामी वहीच्या दोन वह्या झाल्या आणि ओट्यावर एका वेळी एकच मावेना. संगणकातही प्रोसेसरच्या अगदी हाताशी एक लहानसा ओटा असतो, त्याला कॅश म्हणतात. कित्येक प्रोसेसरांत आज्ञांसाठीचा हा सर्वांत जवळचा ओटा ३२ किलोबाइटांचाच असतो. मजकूर फुगला की तो ओट्यावर मावत नाही, मग कोठीच्या खोलीपर्यंत खेपा सुरू होतात, आणि उडीत वाचलेला वेळ खेपांत दुप्पट जातो. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातील कूपर, हॉल आणि टॉर्कझन यांनी १९९१ मध्ये फोरट्रानच्या कार्यक्रमांवर हा प्रयोग करून पाहिला. उतरवून घेतल्याने वेग वाढेलच असे नाही आणि कधी कधी तो घटतोही, असे त्यांना आढळले.

त्याच्याही आधी, १९७७ साली, रॉबर्ट शाइफ्लर यांनी या प्रश्नाला गणिताच्या तराजूत घातले. मजकूर अमुक मर्यादेपलीकडे वाढता कामा नये आणि वेळ तर कमीत कमी लागला पाहिजे, असे असेल तर कोणत्या उड्या काढून टाकाव्यात? हा प्रश्न प्रवाशाच्या पिशवीचा आहे. पिशवीत मावेल इतकेच सामान, पण त्याची किंमत जास्तीत जास्त हवी. ऐकायला सोपे असले तरी सामान वाढले की अचूक उत्तर काढणे यंत्रालाही आवाक्याबाहेर जाते. शाइफ्लर यांनी अदमासाची रीत सुचवली. कार्यक्रम एकदा चालवून कोणती उडी किती वेळा मारली जाते ते मोजायचे आणि त्या आकड्यांवरून निवड करायची. एम.आय.टी.च्या क्लू या भाषेतल्या, स्वतःलाच बोलावण्याचे प्रमाण कमी असलेल्या कार्यक्रमांत, मजकूर फारसा न वाढता नव्वद टक्क्यांहून अधिक उड्या नाहीशा करता आल्या. मात्र प्रत्यक्ष वेळेची बचत लहानच झाली. फ्रान्सेस ॲलन आणि जॉन कॉक यांनी १९७१-७२ च्या सुमारास कंपाइलरच्या सुधारणांची जी यादी केली तीतही ही क्रिया होती. याच फ्रान्सेस ॲलन २००६ सालच्या ट्युरिंग पुरस्काराच्या मानकरी झाल्या. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

येथवर गणिते सोडवणाऱ्या कार्यक्रमांची कथा झाली. खरी अडचण आली ती यंत्राच्या पायाशी असलेल्या मजकुराची. फाइली सांभाळणारा, कळफलकाकडे लक्ष ठेवणारा, सगळ्यांना स्मरणाची जागा वाटून देणारा असा जो कारभारी प्रत्येक संगणकात असतो, त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. १९७३ साली युनिक्सचा कर्नल डेनिस रिची यांच्या सी भाषेत नव्याने लिहिला गेला. सीमध्ये तेव्हा ‘इनलाइन’ हा शब्द नव्हता, म्हणून लोक मॅक्रो वापरत. मॅक्रो म्हणजे शब्दाच्या जागी शब्द ठेवणारी आंधळी नक्कल. ती वेगवान खरी, पण केव्हा घात करील याचा नेम नसे. १९८१ च्या सुमारास ब्यार्ने स्ट्रौस्ट्रुप यांनी आपल्या नव्या भाषेत, जी पुढे सी-प्लस-प्लस झाली, इनलाइन फंक्शने आणली. त्यांचा विचार असा होता की शिस्तीने लिहिण्याला वेळेचा दंड बसू लागला तर लोक शिस्तच सोडतील. मूळ मजकूर एकाच जागी राहावा आणि नकला कंपाइलरने काढाव्यात. मावशीला हे ठाऊक असते तर बरे झाले असते. तिने पाकाचे प्रमाण बदलले तेव्हा पाच जागी सुधारले आणि सहाव्या जागी विसरली. त्या वर्षीचे लाडू फोडायला बत्ता घ्यावा लागला!

१९९९ च्या प्रमाणित सीमध्येही ‘इनलाइन’ आले, पण हुकूम म्हणून नव्हे, सूचना म्हणून. ती मानायची की नाही हे कंपाइलरने ठरवावे. म्हणजे पन्नास वर्षांनी प्रश्न असा झाला की हिशेब कोणाचा खरा, लिहिणाऱ्याचा की कंपाइलरचा?

या प्रश्नाचे उत्तर माझ्या खिशात आहे असे मला १९९६ मध्ये वाटत असे. मी तेव्हा एका लहानशा कंपनीत होते. आम्ही दूधसंकलन केंद्रांसाठी यंत्र बनवत होतो. दुधाचे वजन आणि फॅट घ्यायचे, दर काढायचा, पावती छापायची. आतला मजकूर सीमध्ये होता आणि कंपाइलर ‘इनलाइन’ हा शब्द मानणारा होता. मला वेगाचा भारी सोस. चूक झाली तर संदेश छापणारे एक लहानसे फंक्शन होते, त्यालाही मी ‘इनलाइन’ लावले. दिसायला चार ओळींचे ते फंक्शन संदेश जुळवण्यासाठी चारशे बाइटांची जागा घेत होते. चूक क्वचितच होई, म्हणून माझ्या लेखी ती जागाही क्वचितच लागणार होती.

येथेच मी फसले. फंक्शन वेगळे असते तर ती जागा खरोखर बोलावणे आले तरच घेतली गेली असती. उतरवून घेतल्यावर ती यजमानाच्या सामानात कायमची जमा झाली, चूक होवो वा न होवो. यजमान तीन होते, एकाच्या पोटात दुसरा आणि दुसऱ्याच्या पोटात तिसरा. बाराशे बाइट असे बसल्या जागी गेले. अशा तात्पुरत्या सामानाच्या राशीला स्टॅक म्हणतात आणि आमची रास होती सगळी दोन किलोबाइटांची. आमच्या टेबलावर यंत्र सुरेख चाले. गावी मात्र पहाटेच्या गर्दीत, एकाची पावती छापत असतानाच दुसऱ्याची किटली काट्यावर ठेवली जाई. काट्याची हाक यंत्र हातातले काम अर्धवट ठेवून ऐके, त्या सामानाने रास ओसंडे, आणि तिच्या लगेच खाली मांडलेल्या दरांच्या तक्त्यातल्या एक-दोन आकड्यांवर जाऊन सांडे.

यंत्र बंद पडले असते तर बरे झाले असते. ते चालूच राहिले आणि चुकीचे दर छापीत राहिले. मी तपासायला गेले त्या दिवशी रांगेतल्या एका बाईंनी दोन दिवसांच्या पावत्या माझ्यापुढे धरल्या. “ताई, फॅट काल बी एवढंच लागलं हुतं. मग आज दर का पडला?” त्यांचा मुलगा म्हणत होता, यंत्र कसं चुकंल? बाई मात्र हलायला तयार नव्हत्या. त्यांच्या म्हशीवर आणि स्वतःच्या हिशेबावर त्यांचा विश्वास होता. तीन रात्री मी दोष शोधत बसले आणि चौथ्या दिवशी एक शब्द खोडला. मागच्या पावत्या तपासून लोकांना फरक दिला गेला. फरकाची रक्कम मोठी नव्हती, पण पहाटे थंडीत उभ्या राहिलेल्या माणसाला ती लहानही नव्हती. कंपाइलरने माझा शब्द पाळला होता. त्याच्यावर सोपवले असते तर त्या काळच्या त्या कंपाइलरने आपण होऊन ते फंक्शन उतरवलेच नसते.

ही खोड माझ्या एकटीची नव्हती, हे कळल्यावर थोडा धीर आला. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल जगापुढे ठेवला. त्याच्या लेखनशैलीचे जे टिपण आहे त्यात या खोडीला चक्क रोग म्हटले आहे, आणि साधारण नियम दिला आहे की तीन ओळींहून मोठ्या फंक्शनला ‘इनलाइन’ लावू नये. फुगलेल्या मजकुरामुळे हवे ते पान चकतीवरून आणावे लागले तर सहज पाच मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात प्रोसेसरची किती कामे झाली असती याचा विचार करा, असेही त्यात बजावले आहे. कर्नलची रासही आखूडच असते. ६४ बिटांच्या इंटेल जातीच्या यंत्रांवर ती २०१४ मध्ये ८ किलोबाइटांवरून १६ वर नेण्यात आली. म्हणून काही फंक्शनांवर ‘हे मुळीच उतरवू नये’ अशी उलटी पाटीही लावलेली असते.

बरे, सगळे कंपाइलरवर सोपवावे म्हटले तर त्याचीही फसगत होते. कर्नलमध्ये काही ओळी थेट यंत्राच्या भाषेत लिहाव्या लागतात. जी.सी.सी. हा कंपाइलर त्या ओळी वाचत नाही, त्या जशाच्या तशा पुढे पाठवतो. त्यांचा आकार किती हे समजायला त्याच्यापाशी एकच उपाय, ओळी मोजणे. एक ओळ म्हणजे एक आज्ञा! कर्नलमध्ये ‘येथे काहीतरी घोर चुकले आहे’ हे सांगणारी एक खूण आहे. प्रत्यक्ष मजकुरात ती जेमतेम दोन बाइटांची. पण तिच्यासोबत फाइलीचे नाव, ओळीचा क्रमांक अशी माहिती दुसऱ्याच तक्त्यात नोंदवण्याच्या सूचना असतात, आणि त्या बऱ्याच ओळी खातात. कंपाइलरने ओळी मोजल्या, ‘केवढे हे बोजड फंक्शन!’ असे म्हटले, आणि इवलीशी फंक्शने उतरवायला नकार दिला. लग्नपत्रिकेतल्या नावांवरून घर केवढे आहे हे ठरवण्यासारखेच हे झाले. २०१८ साली ही गोष्ट ध्यानात आली. मजकूर वेगळ्या रीतीने मांडून कंपाइलरला चकवण्याचा एक यत्न झाला, तो टिकला नाही. शेवटी २०१९ मध्ये जी.सी.सी.च्या नवव्या आवृत्तीत अशा ओळींना ‘ह्यांचा आकार कमीत कमी धरा’ असे सांगण्याची सोय झाली. सत्तर वर्षांच्या प्रगतीनंतर लिहिणाऱ्याने कंपाइलरच्या कानात एक शब्द सांगायचा, एवढाच हा उपाय होता!

त्याच वर्षी उलट दिशेनेही एक गोष्ट घडली. बरीच वर्षे लिनक्समध्ये ‘इनलाइन’ या सूचनेचा अर्थ मुकाट्याने ‘उतरवलेच पाहिजे’ असा सक्तीचा लावला जात असे. २०१९ मध्ये ती सक्ती सर्व जातींच्या यंत्रांवर उठली आणि निवड कंपाइलरकडे गेली. तेव्हा थोडी फंक्शने अशी सापडली की ती उतरवल्याशिवाय चालणारच नव्हती. त्यांच्यात एखादा आकडा यंत्राच्या आज्ञेतच कोरावा लागतो, आणि जागच्या जागी उतरल्याशिवाय तो आकडा कोणता हे कंपाइलरला कळत नाही. तेवढ्यांवर ‘सदैव’ अशी स्पष्ट पाटी लावण्यात आली. सक्ती उठवल्यामुळेच तिची खरी गरज कोठे होती ते दिसले.

आजचा कंपाइलर हा निवाडा कसा करतो, तेही सांगते. इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेल्या एल.एल.व्ही.एम. या कंपाइलरात एक उंबरठा आहे. नेहमीच्या कामात तो २२५ चा. प्रत्येक आज्ञेला ५ गुण धरायचे, उतरवल्याने ज्या आज्ञा गळतील त्यांचे गुण वजा करायचे, वाचणाऱ्या उडीबद्दल आणखी सूट द्यायची, आणि बेरीज उंबरठ्याच्या आत राहिली तर उतरवायचे. लिहिणाऱ्याने ‘इनलाइन’ म्हटले असेल तर उंबरठा ३२५ वर जातो, म्हणजे त्याच्या शब्दाला मान आहे, पण बेताचा. क्वचित चालणाऱ्या जागी तो ४५ वर येतो. मजकूर लहान ठेवा म्हटले तर ५०, आणि अगदी लहान म्हटले तर ५. एखादे खासगी फंक्शन एकाच ठिकाणी वापरले असेल, तर त्याला पंधरा हजार गुणांची सूट मिळते, कारण तेथे नक्कल होतच नाही, मजकूर फक्त जागा बदलतो. हे आकडे कुठल्या सिद्धांतातून निघालेले नाहीत. अनुभवाने बसवलेले आहेत, मिठाच्या चिमटीसारखे. २०२१ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ही चिमूट यंत्रालाच शिकवून पाहिली. असंख्य कार्यक्रम दाखवून तयार केलेल्या त्या पद्धतीने मजकूर काही ठिकाणी सात टक्क्यांपर्यंत लहान झाला.

एक उडी मात्र कोणताही कंपाइलर काढून टाकू शकत नाही, आणि त्याने काढूही नये. साधा कार्यक्रम कर्नलकडे काही मागायला जातो तेव्हा दारावर पहारा असतो. कोण आले, काय मागते, अधिकार आहे का, हे पाहूनच आत घेतात. ती ये-जा महाग आहे, पण तिच्यातच आपल्या बँकेच्या पैशांची आणि पत्रांची सुरक्षितता आहे. ‘आता किती वाजले?’ असा निरुपद्रवी प्रश्न असेल, तर लिनक्स त्याचे उत्तर दाराबाहेरच्या एका फळ्यावर लिहून ठेवतो, म्हणजे आत जावेच लागत नाही. तिजोरीच्या किल्ल्या मात्र कोणी फळ्यावर टांगत नाही.

यंदा माझ्या भाचीने फराळाची वही नव्याने उतरवून मागितली. तिच्या संगणकावर मी ती लिहायला बसले. ‘पान सात पहा’पाशी आले तेव्हा ती म्हणाली, “मावशी, आता पानं कुठं उलटायची आहेत? बोट लावलं की पाक उघडेल. मोहनाचंही तसंच करू.”

क्षणभर मलाही ते पटले. मग आठवले की तिचे हात पिठात असतील, आणि पाटावर बसून वाचून दाखवणारे तिच्या घरी कुणी नाही. बोट लावायचे कशाने? मी मोहन जागोजाग पूर्ण लिहिले. पाकाला खूण ठेवली, कारण पाक करताना थांबून नीट वाचणेच बरे. बालूशाहीचा पाक आईने लिहिला होता तसाच, एकही शब्द न बदलता तिथल्या तिथे उतरवला.